ओसरीवर सांगितलेलं

आमच्या लहानपणी यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडात डॉक्टर घरी येत. त्यांची बॅग उचलायला घरातला थोरला मुलगा पुढे धावे. दारापासून खाटेपर्यंत ती नेण्याचा मान त्याला आठवडाभर पुरे. तपासणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, पोरांनी दारात घुटमळायचं नाही, असा कुणी न सांगता पाळलेला दंडक होता. तपासून झालं की अंगणात बादली, तांब्या, नवा साबण आणि घडी न मोडलेला टॉवेल तयार असे. डॉक्टर सावकाश हात धूत, एकेक बोट पुसत, आणि तेवढा वेळ सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत राही. मग चहा येई. डॉक्टरांनी चहा घेतला तर आजीचा जीव भांड्यात पडे. नको म्हणाले, तर ती काही न विचारता देवघराकडे वळे.

त्यानंतर डॉक्टर कर्त्या माणसाला घेऊन ओसरीवर जात. तिथे हलक्या आवाजात चार वाक्यं होत. 'नांदेडला न्यायचं तर न्या, मी चिठ्ठी देतो. पण मला विचाराल तर आता हाल करू नका. वावर गहाण टाकू नका. पोरांना बोलावून घ्या.' एवढंच. कुठे सही नाही, शिक्का नाही. एका माणसाच्या जगण्यामरण्याचा निर्णय त्या चार वाक्यांत होऊन जाई. तो सांगणारे डॉक्टर मग मयतीला येत, पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच घरावरून जात, आणि त्या घरातलं पुढचं बाळंतपणही त्यांच्याच हातून होई. चुकलं असतं तर तोंड लपवायला त्यांना दुसरं गाव नव्हतं.

आज हाच निर्णय आमची मुलं नांदेडच्या एखाद्या हॉस्पिटलात घेतात. दिवस की रात्र ते कळत नाही अशा पांढऱ्या उजेडात, काचेच्या दारामागच्या लहानशा खोलीत त्यांना बोलावलं जातं. समोरचा डॉक्टर तरुण असतो, बहुधा सभ्य असतो आणि दोन रात्री धड झोपलेला नसतो. तो सगळं सांगतो. मूत्रपिंड किती काम करतंय, व्हेंटिलेटर लावला तर काय होईल, नाही लावला तर काय होईल. शेवटी म्हणतो, 'निर्णय तुमचा. जरा लवकर सांगा.' सिस्टर कागद पुढे सरकवते. त्यावर रुग्णाचं नाव, नात्याचा रकाना, धोक्याची पूर्ण कल्पना मिळाल्याची ओळ आणि खाली सहीची जागा. मुलाच्या एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर पुण्याची बहीण रडत असते. तो डॉक्टरला विचारतो, 'साहेब, तुमचे वडील असते तर काय केलं असतं जी तुम्ही?' डॉक्टर खाली बघतो. या प्रश्नाला उत्तर देऊ नये हे त्याला शिकवलेलं असतं, आणि दिलंच तर उद्या ते त्याच्याच अंगावर येऊ शकतं.

आमच्या वडिलांना हा प्रश्न विचारावा लागला नाही. विचारण्याआधीच उत्तर मिळालेलं असे. ते गेलं याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण हे वाईट वाटणं जरा तपासून घ्यावं लागतं, कारण ओसरीवरच्या त्या बोलण्यात एक माणूस कधीच नसे. ते आत खाटेवर असे.

त्याला कोण विचारी? आणि ते माणूस बाई असेल तर? आमच्या आज्या, आत्या, काही जणांच्या आया अशाच गेल्या. पोटात गाठ आहे हे नवऱ्याला कळे, दिराला कळे, सासूला कळे. जिच्या पोटात गाठ, तिला 'थोडी सूज आहे' एवढंच. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही, असं डॉक्टरच बजावत. मग ती बाई महिनोन्महिने घरातल्यांचे चेहरे वाचत पडून राही. कुठली पाटली कोणत्या सुनेला, धाकट्याचं लग्न कुणी बघायचं, हे सांगायचं राहून जाई. सांगायला तिला आपण मरतोय हे माहीत असायला हवं होतं. पिशवी काढली हे टाके काढायच्या वेळी कळलं, अशा बाया आमच्याच घरांत आहेत. कागदावर अंगठा नवऱ्याचा होता. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती होत नाही, आणि सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही चालत नाही. नांदेडच्या त्या खोलीतला सहीचा कागद आम्हाला निष्ठुर वाटतो. आमच्या आत्याच्या वेळी तो असता, आणि तिच्या हातात दिला गेला असता, तर तिला निदान वाचायला तरी मिळालं असतं.

ओसरीवर कोण बसू शकत होतं, हेही जातीवर ठरे. काही वस्त्यांत डॉक्टर जातच नसत. तिथे नवा साबण, घडीचा टॉवेल आणि बॅग नेण्याचा मान यांतलं काहीच कुणाच्या वाट्याला आलं नाही. आमच्या आठवणी ज्या घरांतल्या आहेत, त्या घरांपुरत्याच त्या खऱ्या आहेत.

पूर्वी डॉक्टरांवर कोण खटले भरत होतं, असंही आम्ही सारखं म्हणतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे नीट भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. ते कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ मध्ये. रोगी हाती घेतला की त्याच्यासाठी पुरेशी काळजी घेणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सांगणारा हा निकाल अजून दाखल्याला काढतात. एवढी वर्षं झगडायला बाप डॉक्टर असावा लागला. आमच्याकडच्या जंगलातल्या बंदी भागातून बैलगाडीत गादी टाकून आणलेल्या पोराच्या बापाने तसल्याच मरणाला नशीब म्हटलं आणि रिकामी गाडी परत नेली. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही आज विश्वास म्हणतो.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. तेव्हाचे डॉक्टर आमच्यासाठी खोटं लिहीत. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. परीक्षेत नापास झालेलं किंवा बापाशी भांडलेलं पोर फवारणीचं औषध पिऊन आलं की डॉक्टर रात्रभर त्याचं पोट धूत, आणि सकाळी रजिस्टरात 'जुलाब-वांत्या' लिहीत. पोलीस घरी येत नसत. पोराची सोयरीक मोडत नसे. तो पोरगा आज नातवंडांचा आजोबा आहे, आणि त्या एका ओळीचं ऋण त्याच्या घरात अजून मानतात. कुमारी मुलीला दिवस गेले असतील तर डॉक्टर तिच्या आईला एकटीला आत बोलावत. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये आला. त्याआधी काही करणं म्हणजे तुरुंगाची वाट होती, न करणं म्हणजे विहिरीची. कंपाउंडरलाही न कळता त्यांनी काय केलं, कुणाकडे पाठवलं, हे त्यांच्याबरोबरच गेलं.

पण तेच पेन 'स्टोव्हचा भडका' असंही लिहीत होतं.

आमच्या भागात निवृत्त झालेल्या सिस्टर आता या गोष्टी बोलतात. मच्छरदाणीखाली केळीच्या पानावर ठेवलेली जळालेली बाई. रात्री दोनला ओठांवर कापसाच्या बोळ्याने पाणी टिपताना ती सांगते, 'बाई, मी नाही पेटवून घेतलं.' सकाळी तहसीलदार मृत्यूपूर्व जबाब घ्यायला येतात. रुग्ण शुद्धीवर आहे, जबाब देऊ शकते, असं डॉक्टर लिहून देतात. सासू उशाशी उभी असते, तिच्या कडेवर बाईचंच दोन वर्षांचं पोर. बाई पोराकडे बघते आणि म्हणते, 'स्टोव्ह भडकला.' सिस्टर पायथ्याशी उभी असते. रात्रीचं तिला कुणी विचारत नाही. आपणहून बोलावं, तर त्या पोराला उद्या कोण सांभाळणार, हा विचार तिच्याही मनात येतो. ती ड्युटी संपवून घरी जाते, आणि ते वाक्य तिच्याबरोबर घरी जातं.

एका घराला पोलिसांपासून वाचवणारी माया आणि दुसऱ्या घरातला खून झाकणारी माया, दोन्ही एकाच रजिस्टरात, एकाच अक्षरात. आम्हाला पहिली आठवते, कारण पहिल्या घरातली माणसं आठवण काढायला मागे उरली.

हे फक्त गावाकडेच घडत होतं असंही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. तिचं लग्न ठरलेलं होतं. तिची बदनामी होऊ नये म्हणून लैंगिक अत्याचाराचा भाग तक्रारीत आलाच नाही. हल्लेखोराला चोरी आणि प्राणघातक हल्ला एवढ्यापुरतीच सात वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी ते झाकलं त्यांना तिची कळकळच होती, याबद्दल मला शंका वाटत नाही.

१९८३ मध्ये सासरच्या छळाचं कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सून जळून गेली तर चौकशी ठरलेली. मायेने गप्प बसायची सोय राहिली नाही, हे चांगलंच झालं. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ घेतलंच नाही. म्हणजे जुन्या डॉक्टरांना ज्यासाठी खोटं लिहावं लागे, ते कारणच उरलं नाही. अडचण संपायला हवी होती.

यवतमाळ जिल्ह्यात ती संपली नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात इथे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यांत भरती होत राहिले आणि वीसहून अधिक जण दगावले. कॅज्युअल्टीत बसलेल्या मुलीला, तिची इंटर्नशिप असेल किंवा पहिली नोकरी, केसपेपरवर एक ओळ लिहायची असते: औषध फवारताना अंगावर आलं की पिलं? फवारताना असेल तर तो अपघात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळू शकतात. पिलं असेल तर आत्महत्या. तिथे एक लाखाची वेगळी मदत, आणि तीही कर्ज, नापिकी आणि तगादा हे समितीसमोर सिद्ध होऊन 'पात्र' ठरलं तर. तोंडाला दारूचा वास येतोय. तो लिहायचा का? वैद्यकीय दृष्ट्या लिहायलाच हवा, कारण त्यावर उपचार ठरतात. लिहिला तर तोच कागद पुढे त्याच्या बायकोच्या अर्जाला नडतो. बायको समोर उभी असते. तिला यातलं काही माहीत नसतं, ती फक्त 'वाचवा जी बाई' म्हणत असते.

जुने डॉक्टर इथे काय करते हे आम्हाला ठाऊक आहे. आजची मुलगी तसं करू शकत नाही. तिच्या कागदाची झेरॉक्स पोलिसांकडे जाते, तहसीलला जाते, विम्याला जाते, वकिलाकडे जाते. आणि खरं सांगायचं तर तिने करू नये असंही वाटतं, कारण आज बिचाऱ्या विधवेसाठी झुकलेलं पेन उद्या कुणा पुढाऱ्याच्या पोरासाठी झुकवायला माणसं टपलेलीच असतात. कागदाला जोर आला तसा कागदावर जोर करणाऱ्यांनाही आला. २०२५ च्या ऑक्टोबरात फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने जीव दिला. आरोपींच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवरून पोलिसांचा दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिने आधीच केली होती. ती बातमी वाचताना आमच्या घराघरांतल्या डॉक्टर-नर्स झालेल्या पोरी डोळ्यांसमोर आल्या.

डॉक्टरांच्या आठवणी सगळेच काढतात, नर्सबाईंच्या फारशा निघत नाहीत. उपकेंद्राची नर्सबाई पैनगंगेकाठच्या जंगलातल्या गावांना पायी जाई. नाल्याला पूर आला तर पलीकडेच मुक्काम, मिळेल त्या घरची भाकर. बाळंतपण तिच्या हातून झालेलं असलं की बारशाला पहिला खण-नारळ तिला. पाळण्यापाशी म्हाताऱ्या तिलाच विचारत, 'बाई, वजन भरलं का?' ती हाताने बाळ तोलून सांगे, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होई.

आणि त्याच बाईला टार्गेट होतं. १९७६ साली तर मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाई, सगळ्यांच्या मानगुटीवर नसबंदीचा आकडा बसला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीचं विधेयकच संमत केलं होतं, त्याचा कायदा मात्र झाला नाही. आकडा भरला नाही तर पगार अडे. जिने कालपरवा खणाने ओटी भरली, तिचंच नाव 'केस' म्हणून लिहून घ्यायचं. ती अशक्त आहे, शिबिराला न्यायच्या लायकीची नाही, हे डोळ्यांना दिसत असताना. त्या वर्षी पांढरी साडी वेशीवर दिसली की लोक वावराकडे पळत, हेही आम्ही पाहिलंय. टार्गेटची ती पद्धत १९९६ पर्यंत चालली. खण-नारळ आम्ही लक्षात ठेवला, पळणं विसरलो.

आजच्या सिस्टरपुढे वेगळंच येतं. आशाताई एका गर्भार मुलीला उपकेंद्रात घेऊन येते. आधार कार्डावरून वय निघतं सोळा. सिस्टरच्या जागी पूर्वी बसणारी बाई 'अठरा' लिहून मोकळी झाली असती. आता २०१२ चा पोक्सो कायदा आहे. पोलिसांना कळवलं नाही तर सिस्टरच गुन्हेगार. कळवलं तर मुलीचा नवरा आत जातो, आई-बाप चौकशीत अडकतात. पुढच्या वेळी त्या वस्तीवरची सोळा वर्षांची मुलगी उपकेंद्रात येतच नाही, घरीच बाळंत होते, आणि रक्तस्राव झाला तर कुणाला कळतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपाताच्या बाबतीत थोडी वाट काढली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. पण जिला मूल ठेवायचंय तिच्यापुढे, आणि सिस्टरपुढे, अडचण तशीच आहे.

इथे आम्हाला जुन्या बाईची फार आठवण येते. तिने समजून घेतलं असतं, गाजावाजा केला नसता. मात्र आमच्या बहिणींची वयंही अशीच 'अठरा' लिहिली गेली होती. त्यांतल्या दोघी-तिघी पहिल्या बाळंतपणातून उठल्या नाहीत. समजून घेणाऱ्या बाईने त्यांच्या सासऱ्यांना समजून घेतलं होतं.

एक मात्र तेव्हाच्या आणि आताच्या सिस्टरमध्ये तसंच आहे: बिघडलं की पहिलं नाव त्यांचं येतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरला अतिदक्षता विभाग जळाला. दोन्हीकडे कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. आग विझवायची यंत्रणा का नव्हती, हा प्रश्न त्यांच्या पगाराच्या पलीकडचा होता. रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असावीत हे ठरवणारे रात्री तिथे नसतात.

आणि ज्या केईएममधून अरुणा शानबाग यांची ती अर्धी तक्रार गेली, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना ४२ वर्षं सांभाळलं. पाळीमागून पाळी, पिढीमागून पिढी. कूस बदलायची, भरवायचं, अंग पुसायचं. एवढ्या वर्षांत त्यांना बिछान्याने जखम होऊ दिली नाही. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या मरणाच्या हक्कासाठी याचिका केली तेव्हा या परिचारिका ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या, आणि २०११ च्या मार्चमध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर त्यांनी मिठाई वाटली. विराणींचं म्हणणं मला पटतं, त्या जागी मी असतो तर सुटकाच मागितली असती. तरी रोज सकाळी कूस बदलणाऱ्या बायांना 'तुमचं चुकतंय' असं सांगायला माझी जीभ उचलत नाही. १८ मे २०१५ ला अरुणा गेल्या. त्यांच्याच निकालाने या देशात उपचार थांबवण्याचा दरवाजा पहिल्यांदा किलकिला झाला.

आमच्या काळी डॉक्टरवर हात उचलायची कुणाची छाती नव्हती, असं आम्ही म्हणतो. त्यात आदर किती होता आणि दबून राहणं किती होतं, ते ज्याचं त्याने ठरवावं. ११ जानेवारी २०२२ ला उमरखेडात शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांचा रस्त्यात गोळ्या झाडून खून झाला. २०१९ मधल्या एका अपघाती मृत्यूचा राग त्यामागे असल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. त्या डॉक्टरांचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बैलगाडी मुकाट परत नेणारा बाप आणि त्या अपघातात गेलेल्याचा, गोळ्या झाडणारा भाऊ, यांच्यात पन्नास-साठ वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात आम्ही दुःख मांडायची तिसरी रीत तयार केली नाही. कायदे झाले. १९९५ मध्ये डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली आली, २०१० मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याने तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पण २०२३ च्या जानेवारीत यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात भरती असलेल्या रुग्णानेच निवासी डॉक्टरांवर चाकू चालवला.

याचा परिणाम आमच्या बोलीत उतरला आहे. पूर्वीचे डॉक्टर म्हणत, 'पुढे नेऊ नका.' आताचे म्हणतात, 'पुढे न्या.' रात्री अकराला आलेल्या छातीत दुखणाऱ्या माणसाला इथे ठेवून झटावं, असं डॉक्टरला वाटत असतं. पण वाचला तर ठीक, आणि गेला तर बाहेर पन्नास माणसं. मग १०८ बोलावली जाते. २०१४ मध्ये ही गाडी आली, तिने किती जीव वाचवले त्याला गणती नाही, आणि कितीदा ती आमच्याच दहशतीने इथून हलवली गेली त्यालाही नाही.

पुढे म्हणजे नांदेड. २०२३ च्या सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात, त्या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं. औषधं नव्हती, माणसं नव्हती असं नातेवाईक म्हणाले. रुग्ण शेवटच्या घटकेला आमच्याकडे पाठवले जातात असं रुग्णालय म्हणालं. मग एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, आणि ते साऱ्या राज्याने पाहिलं. त्या रात्री एका वॉर्मरसाठी दोन बाळं समोर असताना कुणी तरी, बहुधा एखाद्या सिस्टरनेच, काही ठरवलं असेल. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, दोष द्यायला नव्हे, ऐकून घ्यायला.

आम्हाला काय परत हवंय, हे आता नीट सांगता येईल. ओसरीवरची कुजबुज नको. आजार ज्याचा त्याला सांगावा, संमती ज्याची त्याने द्यावी, जळालेल्या बाईचं खरं लिहिलं जावं. कागद राहू द्या. पण सगळं सांगून झाल्यावर 'मला विचाराल तर' म्हणणारा डॉक्टर हवा. कायद्याने त्याचं तोंड बांधलेलं नाही, आमच्या धाकाने बांधलंय. मत दिलं आणि चुकलं, तर आम्ही त्याला माणूस म्हणून चुकू देऊ, एवढा भरवसा त्याला आमच्याकडून मिळायला हवा. तो आज त्याला नाही, आणि उमरखेडात तर तो मागायचंही धाडस होत नाही.

आमच्या वयाचे लोक आता त्या खाटेच्या जवळ आलेत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला वैद्यकीय इच्छापत्राची सोय मान्य केली: शुद्धीत असताना लिहून ठेवायचं की मला यंत्रांवर ठेवू नका. तेव्हा त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागे. २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आमच्यातल्या काहींनी तो मसुदा आणलाय. व्हेंटिलेटर नको इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. वावर विकू नका, हेही एकाने घालायला लावलं. नोटरी म्हणाला, ते यात बसत नाही.

अडलंय ते एका मित्रापाशी. त्याचं म्हणणं, 'मला काही सांगू नका. जे काय ते पोरीला सांगा, ती ठरवेल.' पोरगी नागपूरला आयसीयूत सिस्टर आहे. ती फोनवर म्हणाली, 'बाबा, मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना हे ठरवताना बघते. मला ते करायला लावू नका. तुमचं तुम्ही लिहा.' तो ऐकत नाही, तीही ऐकत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची सही अजून व्हायचीय. पोरगी दिवाळीला येणार आहे, तोवर कागद तसाच आहे.